गरम आणि बसून

पाककृतीच्या डोक्यावर ‘सोपी’ हा शब्द पहिल्यांदा ज्याने कुणी छापला, त्या माणसाला मला एकदा भेटायचं आहे. मारणार वगैरे नाही. मी विमा कंपनीच्या नुकसानभरपाई विभागात नोकरी करतो, मारामारीनंतर किती कागद भरावे लागतात ते मला ठाऊक आहे. मी फक्त त्याला आमच्या स्वयंपाकघरात उभं करीन, हातात गाजर आणि सुरी देईन आणि म्हणेन, घ्या, करा, सोपं आहे.

झालं ते सगळं माझ्या चांगुलपणामुळे झालं. हिवाळ्याची सुट्टी तोंडावर आली होती. दरवर्षी या सुट्टीत एक दिवस माझी ताई आणि तिचे यजमान आमच्याकडे जेवायला येतात, हा शिरस्ता आहे. त्या सकाळी नाश्ता करता करता मी अगदी मोकळ्या मनाने बायकोला म्हटलं, या सुट्टीत तुला काय हवं ते माग. माझ्या डोक्यात शाल होती. दुकानात बघूनसुद्धा ठेवली होती. बायको ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. तिने मागे न वळताच सांगितलं, “मला एक जेवण बसून जेवायचंय. गरम. सगळ्यांबरोबर.”

मी हसलो. मला तो विनोद वाटला. मग लक्षात आलं की घरात आणखी कुणीच हसत नाहीये. मुलीने मोबाइलवरून मान वर केली होती आणि वडील कपात काहीतरी पडल्यासारखं चहात बघत होते. आमच्याकडे जेवताना बायको वाढत असते. ती बसते तेव्हा आमचे हात धुऊन झालेले असतात आणि भांड्यातलं गार झालेलं असतं. हे कुणी ठरवलं नव्हतं, पण न ठरवलेल्या गोष्टीच घरात जास्त घट्ट बसतात.

आता अशा वेळी शहाण्या माणसाने “बरं, बघू” म्हणून पेपर उघडावा. मी उभा राहिलो आणि जाहीर केलं की ताई येईल त्या दिवशीचा सगळा स्वयंपाक मी एकटा करीन, बायकोने स्वयंपाकघराचा उंबरठासुद्धा ओलांडायचा नाही आणि तिला पहिलं ताट गरम मिळेल. मुलगी म्हणाली, बाबा, परवा तुम्ही चहा गाळायचाच विसरला होतात. मी तिकडे लक्ष दिलं नाही. बायको तेव्हा कुठे वळली. रजेचा अर्ज हातात पडल्यावर आमचे साहेब माझ्याकडे बघतात तसं तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

“शब्द?” तिने विचारलं.

“शब्द,” मी म्हणालो.

माझ्या आत्मविश्वासाला कारण होतं. माझी उभी हयात लोकांचे अपघात वाचण्यात गेली आहे. पाइप कसा फुटतो, शिडी कशी घसरते, माणूस चालत्या पंख्यात छत्री कशी घालतो, हे सगळं मला पाठ आहे. ज्याला अपघात कळतात त्याच्या हातून तो होणार नाही, असं मला प्रामाणिकपणे वाटत होतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण मी तोपर्यंत दुसऱ्यांसाठीच वापरत आलो होतो.

एका मासिकात ‘सुट्टीतलं सोपं जेवण’ सापडलं. तीनच पदार्थ. भाज्या आणि घेवड्याचे दाणे घालून एकाच भांड्यात करायचं दाट सूप, लसूण-लोणी लावून भाजलेला पाव आणि सफरचंदाचा केक. वाचायला खरोखर सोपं होतं. अडचण भाषेची होती. ‘चवीनुसार मीठ’ म्हणजे कुणाच्या चवीनुसार? ‘मूठभर’ म्हणजे माझी मूठ की मुलीची? आमच्या ऑफिसात असा दावा कुणी पाठवला तर आम्ही तो पुरेशा तपशिलाअभावी परत पाठवतो. मी ते वाक्य बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, मी सुट्टीवर आहे.

केकला ओव्हन लागतो आणि तो आमच्याकडे नाही. वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे आहे. मी मागायला गेलो तर काकू लगेच हो म्हणाल्या, पण त्या स्वतः जवळ असल्याशिवाय तो नीट चालत नाही, असंही म्हणाल्या. म्हणजे ओव्हन एकटा येणार नव्हता. शिवाय घेवड्याचे दाणे भिजवायचे असतात, हे मासिकाने सांगितलं नव्हतं ते त्यांनी जिन्यातच सांगितलं. सफरचंदाऐवजी केळी घाला, असंही सुचवलं आणि मी नको म्हटल्यावर “बघा बाई, तुमची मर्जी” असं म्हणाल्या. मला बाई म्हणण्याइतकी माझी इभ्रत ओव्हन मागताक्षणीच खाली आली होती.

ओव्हन ठरला तर वीज आडवी आली. मागच्या हिवाळ्यात सगळ्यांनी एकदम हीटर लावल्यामुळे आमची अख्खी इमारत अंधारात गेली होती. तेव्हापासून जास्त वीज खाणारं कुठलंही यंत्र लावायचं तर सोसायटीच्या सेक्रेटरींची परवानगी घ्यावी लागते. सेक्रेटरी निवृत्त आहेत, आणि निवृत्त माणसाला एखादा नियम सापडला की तो त्याला नातवासारखा सांभाळतो. त्यांनी मला समोर बसवून विचारलं, उपकरणाचं प्रयोजन काय? मी म्हटलं, केक. घरगुती की व्यावसायिक? मी म्हटलं, घरगुती. आधीचा अनुभव? मी म्हटलं, चहा. दिवसभर मी लोकांना असेच प्रश्न विचारतो, आणि टेबलाच्या अलीकडच्या खुर्चीत बसून ते कसे लागतात ते मला त्या दिवशी समजलं. अखेर परवानगी मिळाली, ती अशी: ओव्हन बारा वाजेपर्यंतच चालेल, तो चालू असताना घरातली इतर सर्व विजेची उपकरणं बंद राहतील आणि पाहणीसाठी सेक्रेटरी जातीने हजर राहतील.

यातली दुसरी अट ऐकून माझ्या वडिलांचा चेहरा उजळला. इथे वडिलांबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. वडील एका मोठ्या गोदामाचे भांडारपाल होते आणि त्यांचा आयुष्याचा एकच सिद्धांत आहे: जे जळतं, जे वाहतं आणि जे फिरतं, ते दिसेल तिथे कमी करावं. नळाजवळून जाताना नळ घट्ट करायचा, पंख्याखालून जाताना पंखा हळू करायचा आणि शेगडीजवळून जाताना गॅस बारीक करायचा. ताई आणि मी यातच वाढलो. माझी बायको लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात शिकली. ताईच्या यजमानांना हे सासरकडून मिळालेलं एकमेव वळण आहे. आता आमच्या घरात हे कुणी मुद्दाम करत नाही. बोलणं चालू असतं, डोळे भलतीकडे असतात, आणि हात आपला जाऊन बटण फिरवून येतो. त्यात आमची शेगडी जुनी आहे. तिचं बटण बारीक करत करत पुढे नेलं की शेवटी ती बंदच होते.

त्या दिवशी सकाळी मी बायकोला बाहेरच्या खोलीत, जेवणाच्या टेबलापाशी, पाठीला उशी वगैरे देऊन बसवलं. तिने चांगले ठेवणीतले कपडे घातले होते. हातात पेपर होता, पण कान सगळा आत होता.

“काय पडलं?” ती विचारायची.

“काही नाही,” मी म्हणायचो.

असं बऱ्याचदा झालं. कांदा चिरताना मी रडलो, त्याबद्दल मला लाज नाही, तिथे भलेभले रडतात. पण बटाटा ओट्यावरून निसटून फ्रिजखाली गेला आणि तो काढायला मी आडवा झालो असताना काकू ओव्हन घेऊन दारात उभ्या राहिल्या, हे मात्र टळलं असतं तर बरं झालं असतं. पडल्या पडल्याच मला सल्ला मिळाला की बटाटे मोठे चिरले आहेत.

तरी सगळ्या भाज्या, दाणे आणि पाणी भांड्यात गेलं, गॅस पेटला आणि झाकण बसलं. मासिकात लिहिलं होतं, मध्यम आचेवर निवांत शिजू द्यावं, झाकण वारंवार उघडू नये. मी नियमाने चालणारा माणूस आहे. मी वारंवारचा प्रश्नच ठेवला नाही. जेवायला बसेपर्यंत झाकणाला कुणी हात लावायचा नाही, असा हुकूम काढला आणि झाकणावर वजनाला खलबत्ता ठेवला.

तेवढ्यात सेक्रेटरी आले. मी लगबगीने दार उघडायला गेलो. वडिलांनी त्यांना बघताच सगळ्या घराचा ताबा घेतला आणि एकेक बटण बंद करत निघाले. दिवे, हीटर, पाणी तापवायचं यंत्र, भिंतीतला एक रिकामा सॉकेट. आयुष्यभर जे दबक्या आवाजात केलं ते आज सरकारी आज्ञेने करायला मिळत होतं. इतका आनंद त्यांना माझ्या लग्नातही झाला नव्हता.

केक आत गेला. काकू स्टुलावर बसल्या, सेक्रेटरी ओट्याला टेकून उभे राहिले आणि दोघं काचेतून आत बघू लागले. केक हळूहळू फुगत होता. कडेने तर फारच छान फुगला. मधला भाग फुगायच्या तयारीत होता तेव्हा बारा वाजले आणि सेक्रेटरींनी हात पुढे करून ओव्हन बंद केला. काकू म्हणाल्या, अहो, अजून थोडा वेळ हवाय त्याला. सेक्रेटरी म्हणाले, नियम केकला बघून केलेला नाही. मग त्यांचं चांगलंच जुंपलं. इमारतीतल्या पाण्याच्या टाकीपर्यंत विषय गेला. तोवर केकचा मध्य खाली बसला, तळ्यासारखा खोलगट. भांडण मिटवायला मी दोघांना म्हटलं, आता जेवूनच जा. मला वाटलं, नको म्हणतील.

ताई आणि तिचे यजमान आले. ताईने मोठा डबाभर आइस्क्रीम आणलं होतं, ते तिने स्वतः फ्रिजमध्ये नेऊन ठेवलं. वडिलांनी मघाशी फ्रिजही बंद केला होता आणि तो परत लावायचं कुणालाच सुचलं नव्हतं. मग जो तो काहीतरी निमित्त काढून स्वयंपाकघरात डोकावू लागला. कुणी पाणी प्यायला, कुणी चमचे आणायला, कुणी नुसतंच बघायला. मी शेगडीकडे पाठ करून, बंद पण अजून गरम असलेल्या ओव्हनमध्ये पाव भाजत होतो. ताईचे यजमान म्हणाले, वास झकास येतोय. माझी छाती फुगली. वास लसणीचा होता, पण ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

शेवटी सगळे टेबलाभोवती बसले. बायको मधल्या खुर्चीत. आमच्या घरात इतकी वर्षं हे टेबल आहे, पण त्या जागेवरून ते कसं दिसतं हे तिला पहिल्यांदाच बघायला मिळत असावं. मी भांडं आणून मध्ये ठेवलं, खलबत्ता उतरवला आणि सगळ्यांकडे एकदा बघून झाकण उचललं.

वाफ आली नाही. मी डाव घातला, तर तो बटाट्याला लागून टणकन वाजला. कोमट पाण्यात भाज्या सकाळी चिरल्या तशाच, रंगसुद्धा न बदलता, बसल्या होत्या. मी आत धावलो. शेगडी बंद होती, आणि आताची नाही, चांगली गार पडली होती.

मी बाहेर आलो आणि ऑफिसातल्या आवाजात चौकशी सुरू केली. गॅस कुणी बंद केला?

कुणीच नाही. वडील म्हणाले, मी फक्त किंचित बारीक केला, मोठा होता. मुलगी म्हणाली, मी चमचे न्यायला आले तेव्हा थोडासाच केला. ताईने केसभर फिरवल्याचं कबूल केलं. तिच्या यजमानांनी आधी नाही म्हटलं, मग ताईने त्यांच्याकडे बघितल्यावर म्हणाले की हात गेला असेल. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात ते बचतीबद्दल, पण ते असंही साचतं. मी बायकोकडे वळलो. तिला तर उंबरठा ओलांडायचीच मनाई होती.

“मी पाणी प्यायला एकदाच आत गेले,” ती म्हणाली. “उंबरठा ओलांडला, चूक झाली. पण तेव्हा ज्योत अगदी इवलीशी होती हो. मला वाटलं, इतकी बारीक आहे तर आता...”

मी आणखी काही बोलणार होतो, पण मुलगी म्हणाली, बाबा, सेक्रेटरीकाका आले तेव्हा तुम्ही दार उघडायला पळालात, तेव्हा आधी तुम्हीच बटण फिरवून गेलात, मी बघितलं. चौकशी तिथेच संपली. आमच्या विभागात अशा प्रकरणावर ‘सामाईक निष्काळजीपणा’ असा शेरा मारून फाइल बंद करतात.

भांडं परत शेगडीवर गेलं आणि या वेळी गॅस पूर्ण मोठा. सगळ्यांच्या पोटात कावळे ओरडत होते. मुलीने पाव फिरवला आणि तो बघता बघता संपला. बायकोने घेतला नाही. मी जेवणाबरोबर खाईन, म्हणाली, आणि आपला तुकडा बशीत झाकून ठेवला. वडील स्वयंपाकघराच्या दारात येऊन त्या मोठ्या ज्योतीकडे बघत तळमळत होते. त्यांचा हात शिवशिवू लागलेला दिसला तेव्हा मी त्यांच्या दोन्ही हातांत ताटांची चळत दिली.

वेळ जात होता आणि बटाटे काही मऊ होत नव्हते. काकू म्हणाल्या, मोठे चिरलेत. सेक्रेटरींनी घड्याळ पाहिलं. मग ताईने ते वाक्य उच्चारलं.

“अगं, तूच जरा बघतेस का आत? तुझ्या हाताला सवय आहे, चटकन होईल.”

सगळ्यांच्या माना बायकोकडे वळल्या. मी हातात डाव घेऊन दारात उभा होतो. खरं सांगतो, मलाही त्या क्षणी वाटलं की तिने उठावं. ती उठली असती तर भाज्या शिजल्या असत्या, सगळे वेळेवर जेवले असते, मला कुणी एका शब्दाने बोललं नसतं आणि दरवर्षीसारखी सुट्टी पार पडली असती. बायकोने दोन्ही हात टेबलावर टेकले. खुर्ची करकरली.

मी आजवर ताईला कधी उलटून बोललो नाही. ती माझ्याहून बरीच मोठी आहे आणि तिला ते चालत नाही. पण मी म्हणालो, “ताई, तिला उठवू नकोस. आज जेवण झालं तर माझ्या हातचं होईल, नाहीतर सगळे उपाशी राहू.”

बायको म्हणाली, “मी उठत नव्हते. खुर्ची पुढे घेत होते.”

आणि तिने खरंच खुर्ची पुढे घेतली.

शेवटी एकदाचे बटाटे शिजले. सूप दाट झालं, जरा जास्तच दाट झालं, मीठ कुणाच्याच चवीनुसार नव्हतं आणि गाजराचे तुकडे ओळखू येत होते म्हणून गाजर म्हणायचे. मी पहिलं ताट बायकोपुढे ठेवलं. त्यातून वाफ येत होती. मग बाकीच्यांना वाढलं. काकू आणि सेक्रेटरी आल्यामुळे एक खुर्ची कमी पडत होती, तेव्हा मी उभाच राहिलो.

“तुम्ही?” बायकोने विचारलं.

“मी नंतर,” मी म्हणालो.

हे दोन शब्द माझ्या तोंडून पहिल्यांदाच निघत होते. या घरात मी ते रोज ऐकले होते, दुसऱ्या आवाजात. मला एकदम कसंसंच झालं आणि मी उगाच डाव पुसत राहिलो.

बायकोने पहिला घास घेतला. सगळ्यांचे चमचे थांबले. सकाळपासूनच्या माझ्या साऱ्या मेहनतीचा निकाल लागायचा होता. तिने सावकाश चावून घास गिळला.

“गरम आहे,” ती म्हणाली.

एवढंच. आणि दुसरा घास घेतला.

मी तिला जेवताना बघत राहिलो. ती घाई करत नव्हती. पाव सुपात बुडवून खात होती, मध्येच ताईच्या यजमानांच्या एका फालतू विनोदाला मनापासून हसली, वडिलांना म्हणाली, घ्या की अजून थोडं. बटाट्याच्या फोडी तिने बाजूला सारून ठेवल्या होत्या. मला वाटलं, कच्च्या राहिल्या असतील. पण सगळं संपल्यावर तिने त्या एकेक करून, चवीने खाल्ल्या. तिला बटाटा इतका आवडतो हे मला माहीत नव्हतं. तिने दुसऱ्यांदा वाढून घेतलं तेव्हा मी भांड्यातून बटाटेच शोधून शोधून वाढले.

केकचं म्हणाल तर फ्रिज उघडल्यावर आइस्क्रीमचं दूध झालेलं निघालं. मुलीने ते सगळं केकच्या मधल्या खड्ड्यात ओतलं, कच्चा मध्य त्यात मुरला आणि जे काही झालं ते लोकांनी चमच्याने खरवडून खाल्लं. सेक्रेटरींनी तीनदा घेतलं. असं काहीतरी होणार हे मला आधीच ठाऊक होतं, असं काकू म्हणाल्या आणि सगळं श्रेय ओव्हनसकट वर घेऊन गेल्या.

सगळे उठले तेव्हा एक खुर्ची मोकळी झाली. मी भांडं खरवडून माझं ताट वाढून घेतलं आणि बसलो. सूप गार झालं होतं, वर साय धरली होती. पहिला घास तोंडाशी नेला. बायको समोर तशीच बसली होती, उशीला टेकून, अगदी तृप्त.

“अहो,” ती म्हणाली, “रात्रीला काय करताय?”